यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो, तेव्हा आधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगोला तालुक्यात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गाळ्यात तुमचं सेवा केंद्र आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दोन डेस्कटॉप, एक लेसर प्रिंटर आणि नेटचा राउटर, सगळं ६०० व्हीएच्या एकाच यूपीएसवर. यूपीएस घेऊन दोन वर्षं झाली. आता लाईट गेली की तो एकदा ‘पीं’ करतो आणि दोन्ही कॉम्प्युटर जागीच बंद पडतात. गेल्या महिन्यात एकाची हार्ड डिस्क गेली आणि सहा वर्षांची कागदपत्रं तिच्यात अडकली. दुकानदार म्हणतो एक केव्हीएचा यूपीएस घ्या, भाऊ म्हणतो त्यापेक्षा इन्व्हर्टर बसव, आणि तुम्ही विचारताय की यातलं काय घेऊ.

मी वीस-बावीस वर्षं सोलापुरात यूपीएस आणि इन्व्हर्टरची दुरुस्ती करतोय. हा प्रश्न माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि दर वेळी मी हेच सांगतो की अजून काही घेऊ नका, आधी बिघडलंय काय ते बघू. तुमच्या हकिकतीत चार वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्यात. यूपीएस भार का घेत नाही, तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते, जी येते ती कशी येते, आणि हार्ड डिस्क नक्की कशाने गेली. नवा यूपीएस यातली फार तर एक अडचण सोडवेल.

छोटा यूपीएस घेताना बहुतेक जण मनात धरतात की लाईट गेली तरी दुकान चालू राहील. बनवणाऱ्याचा हिशेब तसा नसतो. फाइल सेव्ह करून मशीन रीतसर बंद करायला पाच-सात मिनिटं मिळावीत, एवढ्याच बेताने त्यात बॅटरी घातलेली असते. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी असते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॅट-अवर. तुमचे दोन डेस्कटॉप मॉनिटरसकट मिळून २०० वॅट घेतात असं धरलं, तर कागदावर २५ मिनिटं निघतात. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही सहा ते आठ मिनिटंच मिळतात. कारण ते ७ अँपिअर-अवर २० तासांत हळूहळू वापरण्याच्या हिशेबाने लिहिलेले असतात. तीच बॅटरी मिनिटांत ओरबाडली तर ती निम्म्याहून कमी देते, आणि यूपीएसच्या आत थोडी वीज उष्णतेत जाते ती वेगळीच. एकच कॉम्प्युटर लावला तर वेळ दुपटीहून जास्त, पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जाते.

दुसरा आकडा व्हीए आणि वॅटचा. व्हीए हे यूपीएसच्या आकाराचं माप, पण प्रत्यक्ष किती भार झेपेल ते वॅटमध्ये कळतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. भार मोजायचा तो या वॅटच्या आकड्याशी. तुमचे दोन कॉम्प्युटर २०० वॅट, राउटर दहा-बारा. इथवर ठीक. पण लेसर प्रिंटर त्यावर आहे तिथे मी थांबलो. लेसर प्रिंटरच्या आत कागदावर पावडर पक्की करणारा हीटर असतो. तो तापताना काही सेकंदांसाठी ८०० ते १००० वॅट, कधी जास्तही ओढतो. लाईट असताना ही ओढ यूपीएसमधून सरळ निघून जाते, म्हणून कळत नाही. लाईट गेली आणि त्याच क्षणी हीटर चालू असला, तर ३६० वॅटच्या यूपीएसवर हजार वॅट येऊन पडतात. तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि सोबत दोन्ही कॉम्प्युटर घेऊन जातो. झेरॉक्स मशीनचंही हेच. त्यामुळे आज घरी जायच्या आधी एवढं करा: प्रिंटरची पिन यूपीएसवरून काढून भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावा. लाईट गेल्यावर एखादं प्रिंट अर्धवट राहील, कागद अडकेल, त्याहून जास्त नुकसान नाही.

आता बॅटरी. दोन वर्षं पत्र्याखाली असलेली बॅटरी मी न बघताच संशयित धरतो. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमानाला धरून सांगितलेलं असतं, आणि वरच्या प्रत्येक दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं. पत्र्याखाली, टेबलाच्या खालच्या कप्प्यात, कॉम्प्युटरच्या गरम हवेसमोर ठेवलेल्या यूपीएसच्या पोटात किती होत असेल ते तुम्हीच बघा. चार वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी अशा जागी दोन वर्षांत संपली तर त्यात फसवणूक नाही, उन्हाने ती खाल्ली.

पण संशयावर पैसे घालू नका, तपासून बघा. माझ्या दुकानात यासाठी लाकडी फळीवर दोन होल्डर आहेत आणि त्यात जुने १०० वॅटचे पिवळे बल्ब. तुम्हाला एकच पुरे. कामाची वेळ संपल्यावर कॉम्प्युटर बंद करून त्यांच्या पिना यूपीएसवरून काढा. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या. सकाळी बल्बचा होल्डर यूपीएसला लावा, बल्ब पेटवा, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पिन उपटू नका, बटण बंद करा. बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंगची तार जोडलेली राहते. मग घड्याळ लावा. बॅटरी धडधाकट असेल तर बल्ब पंधरा मिनिटांच्या आसपास जळतो. पाच-सात मिनिटांत विझला तर बॅटरी उतरणीला लागली आहे. बटण बंद करताच बल्ब लुकलुकून विझला तर बॅटरी गेली. मल्टिमीटरने नुसते व्होल्ट बघून फसू नका. मेलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्यावर १२.६-१२.८ व्होल्ट दाखवते, आणि १०० वॅटचा भार पडला की दोन सेकंदांत नऊ व्होल्टवर बसते.

बॅटरी गेली असेल तर फक्त बॅटरी बदला. १२ व्होल्ट ७ अँपिअरची बॅटरी हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि जुनी परत दिली की वजनावर थोडे पैसे कमी होतात. ती भंगारात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल आहे. बॅटरी विकणाऱ्यांनी जुनी परत घ्यावी अशी व्यवस्था २००१ पासून कायद्यात होती, आता २०२२ चे नवे नियम आहेत. नवी घेताना तिच्यावरची तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते.

बल्ब मजेत पंधरा मिनिटं जळला आणि तरीही कॉम्प्युटर लावला की लाईट जाताच तो रिस्टार्ट होतो, असं झालं तर? मग यूपीएस निर्दोष आहे, दोष कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये शोधा, म्हणजे मेनची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या आतल्या डब्यात. छोट्या यूपीएसला लाईटवरून बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, कॉम्प्युटरला धरून ठेवतो. नवा चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. सहा-सात वर्षं धूळ आणि उष्णता खाल्लेल्या एसएमपीएसचा कपॅसिटर सुकतो, त्याची धारणा पाच-सहा मिलिसेकंदांवर येते, आणि मग दोघांतली गाठ चुकते. माझ्याकडे ‘यूपीएस खराब’ म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी एसएमपीएस बदलून मिटल्यात. ओळखायची सोपी रीत: दोन कॉम्प्युटरपैकी एकच रिस्टार्ट होत असेल आणि दुसरा टिकत असेल, तर दोष त्या एकाच्या पोटात आहे.

इथवरचं थोडक्यात असं: प्रिंटर यूपीएसवरून काढायचा, बल्बने बॅटरी तपासायची, बॅटरी चांगली निघाली तर एसएमपीएस बघायचा. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी एकदम झाल्यात.

आता पुढचा मुद्दा, ज्यावर दुकानात कुणी बोलत नाही आणि खेड्यात मात्र निम्मे यूपीएस त्यानेच मरतात. तो म्हणजे डिम लाईट. शेतीपंपांची पाळी सुरू झाली की तुमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज किती राहतं? २३० च्या जागी १७०, कधी १५०? लाइन इंटरॅक्टिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या यूपीएसमध्ये आत छोटा स्टॅबिलायझर असतो. मधूनच ‘टक’ असा आवाज येतो ना, तो त्याच्या रिलेचा. आपल्याकडचे बरेच यूपीएस १४०-१५० पासून २८०-२९० व्होल्टपर्यंत बॅटरीला हात न लावता सांभाळून घेतात. त्याखाली गेलं की तो लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो. म्हणजे बल्ब मिणमिणतोय, पंखा फिरतोय, आणि यूपीएस बॅटरी खातोय. वर बॅटरी भरायला लागणारं व्होल्टेजही नीट मिळत नाही. असं रोज दोन-तीन तास झालं की बॅटरी कायम अर्धपोटी राहते. शिशाची बॅटरी अर्धपोटी ठेवली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे पांढरे खडे धरतात, आणि ते पुन्हा निघत नाहीत.

यात एक गंमतीची वाटेल अशी पण खरी गोष्ट आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवरची पाटी वाचा. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो १६० व्होल्टवरही आरामात चालतो. लॅपटॉपचा अडॅप्टर आणि मॉनिटर बहुधा असेच असतात. २००-२४० किंवा नुसतं २३० लिहिलेलं असेल तर मात्र १८० च्या खाली त्याचा भरवसा नाही. तुमचा नवा एसएमपीएस घ्यायची वेळ आली तर १००-२४० वाला मागा. डिम लाईटचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

मी स्वतः पैसे खर्च करायला लावतो ते अर्थिंगवर. तुम्ही लिहिलेलं नाही, पण एक विचारतो. पायात चप्पल नसताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात का? मागच्या वर्षी एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत मी असाच गेलो होतो. मुलांची तक्रार होती की पीसी ‘चावतो’. मल्टिमीटरची एक सुई कॅबिनेटच्या स्क्रूला आणि दुसरी खिडकीच्या गजाला लावली तर १०८ व्होल्ट. सॉकेट उघडलं. तिसऱ्या, जाड भोकामागे तारच नव्हती. वीस कॉम्प्युटर, प्रत्येकाला तीन पिनची वायर, आणि भिंतीच्या आत दोनच तारा. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, ते विजेतला कचरा अर्थिंगकडे लोटतात. अर्थिंग नसलं की तो कचरा कॅबिनेटवर येऊन बसतो, मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजने. त्यातला करंट अगदी थोडा असतो म्हणून जीवावर बेतत नाही, पण ती मुंगी सांगत असते की आत काही खरंच बिघडलं तर वीज जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट नाही.

यूपीएसच्या आत आणि चांगल्या स्पाइक बोर्डात विजेचा झटका गिळणारे छोटे चकतीसारखे भाग असतात. त्यांनी झटका गिळायचा म्हणजे तो बराचसा अर्थिंगमध्ये सोडायचा. अर्थिंगच नसेल तर बोर्डावर लिहिलेल्या संरक्षणाचा मोठा भाग कागदावरच राहतो. म्हणून दहा हजारांच्या यूपीएसआधी मी चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगतो. त्याच्याकडून तीन आकडे लिहून घ्या. फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज ते अर्थ: जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ: एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. तिसरा आकडा पंधरा-वीस आला तर काम आहे. आपल्या मुरमाड, कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा सुकतो. मीठ-कोळसा घातलेल्या जुन्या खड्ड्यात मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायची सवय ठेवा. गाळा भाड्याचा असेल तर मालकाशी एकदा बोला. अर्थिंग त्याच्याच इमारतीचं आहे. हे फेज-न्यूट्रलचं काम स्वतः टेस्टर घेऊन करू नका, ही विनंती.

अर्थिंगच्या शेजारचाच धोका म्हणजे न्यूट्रल तुटणं. ही गोष्ट मी एकदा डोळ्यांदेखत पाहिली आहे. वळवाचा पाऊस नुकताच थांबला होता. मी एका कापड दुकानात इन्व्हर्टरची वायर कसत होतो. अचानक पंखा घरघरू लागला, ट्यूब नेहमीपेक्षा पांढरीफेक झाली, आणि स्टॅबिलायझरवरचा काटा २४० वरून ३४० वर गेला. मालकांना ओरडून मेन पाडायला सांगेपर्यंत बिलिंगच्या यूपीएसमधून धूर आला. झालं असं होतं की वादळात डीपीकडून येणारी न्यूट्रलची तार सुटली होती. तीन फेजमध्ये आपापसात ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल असते तोवर प्रत्येक घराला २३० मिळतात, ती गेली की कुणाला ११०, कुणाला साडेतीनशे. कुणाच्या वाट्याला काय येईल ते त्या वेळी कुणाचं काय चालू आहे त्यावर ठरतं. साधा एमसीबी यात पडत नाही. तो करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. यूपीएसमधले झटका गिळणारे भागही क्षणभराच्या झटक्यासाठी असतात, मिनिटभर ३४० व्होल्ट सोसायला नाहीत. त्या दिवशी त्या लेनमधल्या सात दुकानांत काही ना काही जळलं.

यावर उपाय महाग नाही. मीटरनंतर, एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. व्होल्टेज साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो सगळी लाईन तोडतो, आणि पुरवठा सरळ झाल्यावर थोडा वेळ थांबून जोडतो. तुमच्याकडे रोज डिम लाईट असेल तर खालचा आकडा सेट करता येणारा घ्या, नाहीतर तो दिवसभर तोडत बसेल. ओव्हरहेड तारांवर चालणाऱ्या कुठल्याही दुकानाला मी हा यूपीएसच्या आधी बसवायला सांगतो.

विजांबद्दल दोनच वाक्यं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की पिना काढा, यूपीएसचीही काढा, आणि नेटची तांब्याची केबल किंवा डिशची वायर असेल तर तीही. वीज खांबावरूनच येते असं नाही. मी शेजारच्या इमारतीतून ओढलेल्या लॅन केबलने राउटर आणि दोन मदरबोर्ड जळलेले पाहिलेत, तेही यूपीएस ठणठणीत असताना. फायबर असेल तर ती काच आहे, तिच्यातून झटका येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: मोठा यूपीएस की इन्व्हर्टर? हे लाईट किती वेळ जाते त्यावर आहे, म्हणून एक वहीचं पान घ्या आणि पंधरा दिवस लाईट गेल्या-आल्याच्या वेळा लिहा. बहुतेक वेळा लाईट पाच-दहा मिनिटांत परत येत असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. एक केव्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात आणि तुमच्या २०० वॅटवर तो वीस मिनिटांच्या आसपास देतो. लाईट दोन-दोन, तीन-तीन तास जात असेल आणि दाखल्यासाठी लांबून आलेली माणसं बाकावर बसून राहत असतील, तर भावाचं म्हणणं बरोबर. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी तुमचे दोन कॉम्प्युटर आणि राउटर पाच-सहा तास चालवते. उष्णताही ती सीलबंद बॅटरीपेक्षा जास्त सोसते. तिला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल वॉटर बघावं लागतं, आणि चार्ज होताना गॅस निघतो म्हणून बंद कपाटात ठेवायची नाही.

इन्व्हर्टर घ्याल तर दोन गोष्टी आग्रहाने मागा. एक, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे मेनच्या विजेसारखीच गुळगुळीत लाट देणारा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो, आणि त्याच्यापुढे यूपीएस लावला तर यूपीएस ती वीज वीजच मानत नाही. तो टकटक करत बॅटरीवर जातो. नव्या, चांगल्या एसएमपीएसमधल्या अॅक्टिव्ह पीएफसी सर्किटलाही (मेनमधून वीज सुरळीत ओढणारा भाग) काही वेळा अशी लाट झेपत नाही. दुसरी गोष्ट, मागच्या बाजूचं बटण. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीवर साधा मोड आणि यूपीएस मोड असं निवडायचं बटण असतं. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर अदलाबदलीला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडमध्ये तो दहा मिलिसेकंदांच्या आसपास उडी मारतो. बदल्यात तो व्होल्टेजच्या बाबतीत जास्त चोखंदळ होतो आणि १८० च्या खाली बॅटरीवर जातो. म्हणजे पुन्हा डिम लाईटचा प्रश्न. पाळीच्या वेळी तुमच्याकडे रोज १६० असेल तर यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर तासन् तास बॅटरी खाईल.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: इन्व्हर्टर साइन वेव्हचा, ठेवायचा साध्या मोडवर, आणि हाच ६०० व्हीएचा यूपीएस नवी बॅटरी घालून त्याच्या पुढे, फक्त दोन कॉम्प्युटर आणि राउटरसाठी. अदलाबदलीचा क्षण यूपीएस सांभाळेल, पुढचे तास इन्व्हर्टर. थोडी वीज दोनदा बदलण्यात वाया जाते, ती जाऊ दे. एकदम सगळं जमत नसेल तर क्रम असा ठेवा: प्रिंटर वेगळा, बॅटरी, अर्थिंग, प्रोटेक्टर, आणि पैसे साठले की शेवटी इन्व्हर्टर. ऑनलाइन यूपीएस, जो चोवीस तास वीज नव्याने बनवून देतो, तो मी तुम्हाला सुचवणार नाही. दवाखान्याच्या मशीनला, सर्व्हरला तो हवा. पत्र्याखालच्या दोन डेस्कटॉपना तो खर्च आणि त्याची उष्णता दोन्ही जड होतील.

राउटरचा एक स्वतंत्र उपायही आहे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर त्याच्यासाठी मुठीएवढा लिथियम सेलचा मिनी यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास नेट चालू ठेवतो. घेताना अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचा मोडेम वेगळा असेल तर त्यालाही लागेल, एकट्या राउटरने नेट येत नाही.

पुढे कधी नवा यूपीएस घ्याल तेव्हा मागे यूएसबी पोर्ट असलेला बघा, ६०० व्हीएच्या स्वस्त मॉडेलमध्ये तो बहुधा नसतो. ती केबल कॉम्प्युटरला लावली की विंडोजला यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की हायबरनेट करायला सांगता येतं. तुम्ही तहसीलला गेलेल्या असताना मशीन आपलं आपण बंद होतं. आणि एक सवय आजपासून लावा: लाईट परत आल्या आल्या लगेच मशीन चालू करू नका. त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळ्या गावाचे पंप आणि फ्रिज एकदम उठतात, लाईट परत जाते, परत येते. हार्ड डिस्कला सगळ्यात जास्त त्रास या ये-जा मध्ये होतो.

यूपीएस टेबलाखालून काढून भिंतीपासून वीतभर दूर, हवा खेळेल असा ठेवा. त्यावर कागदाचे गठ्ठे ठेवू नका. दिवाळीत दहा दिवस दुकान बंद ठेवाल तर त्याआधी तो पूर्ण चार्ज करून त्याच्या बटणाने बंद करा. दर तीन महिन्यांनी ती बल्बची परीक्षा घ्या आणि मिनिटं यूपीएसच्या पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या यूपीएसवर १६, १५, १५, ११, ६ असे आकडे आहेत. ६ ला त्यांनी बॅटरी बदलली, आणि एकदाही फाइल गमावली नाही.

राहिली ती हार्ड डिस्क, आणि मला वाटतं तुमच्या मनात खरं दुखणं तेच आहे. ती लाईट जाण्यानेच गेली असं खात्रीने म्हणता येत नाही. आजच्या हार्ड डिस्कची वीज अचानक गेली तरी फिरणाऱ्या चकतीच्या जोरावर ती आपलं डोकं बाजूला घेऊन ठेवते. वीज जाण्याने बहुधा बिघडतो तो अर्धवट लिहिलेला डेटा. फोल्डरची रचना मोडते, विंडोज चालू होत नाही, आणि आपण म्हणतो डिस्क गेली. अशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बहुतेक कागदपत्रं जशीच्या तशी मिळतात. म्हणून तुम्ही ती अजून फेकली नसेल तर फेकू नका, आणि फॉरमॅट तर अजिबात कुणाला करू देऊ नका. कानाजवळ धरून ऐका. कटकट, खरखर असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी आत ओरखडे वाढतात. सरळ डेटा परत काढणाऱ्या माणसाकडे न्या. आवाज नसेल, नुसती ओळखली जात नसेल, तर जाणकार माणसाकडून आधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि शोध त्या नकलेत घ्या. आणि कागदपत्रं मिळाली की त्याच दिवशी त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क गाळ्यात न ठेवता घरी न्या. गिऱ्हाइकांचे आधार आणि दाखले त्यात असतील, तेव्हा तिला पासवर्ड घाला.

बल्ब किती मिनिटं जळला आणि इलेक्ट्रिशियनचे तीन आकडे काय आले, ते इथेच लिहा. एसएमपीएसच्या पाटीचा फोटो टाकलात तर तोही बघतो.